करुणेचा तास

करुणा शिकविता येते काय? सेमिनरीत घडलेल्या आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न बोचणारा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. काहींना चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर बोलावयाचे होते, काहींना नोकरीच्या संधींवर. वाटेत एक मनुष्य दाराशी कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याला साहाय्य केले. फार घाईत असलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने विशेष फरक पडला नाही. दाखल्यावर बोलावयास निघालेले काही जण तर त्याला ओलांडून गेले!

तान्या सिंगर व ओल्गा क्लिमेकी यांच्या २०१४ च्या अभ्यासाने मात्र मला धीर दिला. परदुःख नुसते स्वतःत मुरविण्याच्या सरावाने मन खचते; दुःखिताचे भले इच्छिण्याच्या सरावाने ते पुन्हा सावरते. म्हणजे सराव आहे, आणि तो शिकविता येतो.

आमच्या सेमिनरीत तासाची घंटा काटेकोर वाजे. रुग्णाजवळ स्वस्थ बसण्याचा तास वेळापत्रकात नव्हता. आता अनुभवासाठी माझ्या धर्मग्रामात येणाऱ्या ब्रदरांना मी आजाऱ्यांच्या घरी पाठवितो, तेव्हा त्या दुपारी दुसरे कोणतेही काम सांगत नाही.