पहिल्या पंचवीस चाली

अमेरिकन फुटबॉलचा साखळी हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला एका रविवारी संपतो. दुसऱ्या दिवसाला इथे ‘काळा सोमवार’ म्हणतात. त्या दिवशी कोचांच्या नोकऱ्या जातात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये संघ 32, म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही 32च, आणि त्यातल्या काही दरवर्षी रिकाम्या होतात. हेड कोच गेला की त्याने आणलेले असिस्टंटही बहुधा जातात. मग बायकोपोरांसह नवं गाव, नवी शाळा, पुन्हा भाड्याचं घर.

मी सॅन होजेजवळच्या एका हायस्कूलच्या संघात असिस्टंट कोच आहे. फिल्म कापणं हे माझं मुख्य काम. सामन्याचं चित्रीकरण घ्यायचं, प्रत्येक चालीचा वेगळा तुकडा करायचा आणि त्यावर डाउन (म्हणजे संधी) कितवा, यार्ड किती, कोण कुठे उभा होता, हे नोंदवायचं. कोचिंगमधलं हे सगळ्यात खालचं काम, मानधन पेट्रोलपाण्यापुरतं. पण इथून वरचा धंदा नीट दिसतो, कारण वर पोचलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी हे केलेलं असतं. आमच्या परिसरातून वर गेलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे बिल वॉल्श. व्यावसायिक कोचचं आयुष्य कसं असतं असं कोणी विचारलं, तर मी त्याचंच सांगतो.

तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकणारा कोच म्हणून वॉल्शचं नाव घेतात. ते खरंच आहे, पण त्याआधीच्या बावीस वर्षांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 1957 साली तो फ्रीमाँटच्या वॉशिंग्टन हायस्कूलचा कोच झाला. (आज त्या गावात मराठी घरं भरपूर आहेत, तेव्हा शेतमळे होते.) मग बर्कलीला कोच मार्व्ह लेव्हीच्या हाताखाली, मग स्टॅनफर्ड, 1966 मध्ये एक हंगाम ओकलंड रेडर्स, पुढच्या वर्षी सॅन होजे अपाचेज नावाच्या दुय्यम लीगमधल्या संघाची जबाबदारी. 1968 मध्ये ओहायोतल्या सिनसिनाटीला बेंगल्स हा नवा संघ उभा राहिला. त्याचा सर्वेसर्वा पॉल ब्राउन. खेळाडूंना वर्गात बसवून शिकवणं, त्यांच्याकडून वह्या भरून घेणं, फिल्म बघून प्रत्येकाला गुण देणं, या पद्धती ब्राउननेच व्यावसायिक खेळात रुजवल्या. वॉल्श त्याच्याकडे असिस्टंट म्हणून रुजू झाला.

तिथे जे घडलं ते अडचणीतून घडलं. 1969 मध्ये संघाला ग्रेग कुक नावाचा दांडग्या हाताचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, मिळाला होता. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा गेला आणि कारकीर्दही जवळजवळ तिथेच संपली. मागे उरला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, निशाणा अचूक, पण लांब फेकण्याइतका जोर हातात नाही. त्या काळी पास म्हणजे लांब पास, निदान मोठ्या कोचांचा शिरस्ता तो होता. जवळच्या यार्डांसाठी चेंडू घेऊन धावायचं. वॉल्शने हिशेब उलटा मांडला. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. मग एकदम चाळीस यार्ड कशाला हवेत? पाच-सहा यार्डांचे नेमके पास देत राहिलं तरी चेंडू आपल्याच ताब्यात राहतो. शिवाय मैदान शंभर यार्ड लांब तसं त्रेपन्न यार्ड रुंदही आहे. रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारे, आडवे पसरवले की बचाव करणाऱ्यांना तेवढी रुंदी झाकावी लागते आणि मध्ये फटी पडतात. 1970 मध्ये, स्थापनेच्या तिसऱ्याच वर्षी, बेंगल्स आपल्या गटात पहिले आले. 1971 मध्ये पूर्ण झालेल्या पासांच्या टक्केवारीत कार्टर अख्ख्या लीगमध्ये अव्वल होता. पुढे याच पद्धतीला ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ नाव पडलं. जन्म मात्र ओहायोतला.

ही पद्धत कागदावर सोपी वाटते, फिल्मवर तिची खरी गंमत कळते. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन तीन पावलं मागे जातो. तिसरं पाऊल टेकताच चेंडू हातातून सुटायला हवा, आणि त्या क्षणी रिसिव्हर अजून वळलेलाही नसतो. तो वळेपर्यंत चेंडू तिथे पोचतो. पाच पावलांची चाल असेल तर रिसिव्हरची धाव तेवढी लांब. म्हणजे एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांना बांधलेले. पहिला रिसिव्हर मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, क्रम ठरलेला. आमच्या पोरांची फिल्म मी एकेक फ्रेम सरकवत बघतो, तेव्हा हेच तपासतो. पास अचूक होता पण मागचा पाय अर्धा सेकंद उशिरा टेकला, की मधे हात घालायला समोरचा हजर. पोरं म्हणतात, “कोच, त्याने नशिबाने धरला.” नशीब बिशीब काही नाही, पाय मोजा.

दुसरी गोष्ट, सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच लिहून ठेवायच्या. सिनसिनाटीत ब्राउन विचारायचा की सुरुवातीला काय खेळणार, आणि वॉल्श चार-पाच चालींची यादी द्यायचा. ती यादी वाढत वाढत सॅन फ्रान्सिस्कोत पंचवीसवर गेली. त्याचं म्हणणं साधं होतं: आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री, शांत खोलीत, डोकं जेवढं चालतं तेवढं रविवारी साठ हजारांच्या गोंगाटात चालत नाही. मग तेव्हाच ठरवून टाका. शिवाय ठरलेल्या चालींना समोरचा संघ कसं उत्तर देतो हे कळलं की पुढच्या तीन तासांचा अंदाज येतो. आज ही प्रथा सर्रास आहे.

एवढं करून मिळालं काय? 1975 चा हंगाम संपल्यावर ब्राउन निवृत्त झाला आणि खुर्ची त्याने दुसऱ्या असिस्टंटला, बिल जॉन्सनला दिली. आठ वर्षं राबलेला वॉल्श तेव्हा चव्वेचाळीसचा होता. इतर संघांनी विचारणा केली तेव्हाही ब्राउनने आपल्याविरुद्ध शब्द टाकला, असं वॉल्शने पुढे उघड सांगितलं. या धंद्यातली ही बाजू बाहेरच्यांना दिसत नाही. इथे अर्ज करून काही होत नाही. कोणीतरी कोणालातरी फोन करतो, आणि त्या फोनवर तुमच्याबद्दल काय बोललं जातं त्यावर दहा वर्षं ठरतात.

वॉल्श एक वर्ष सॅन दिएगोला राबला, दोन वर्षं स्टॅनफर्डचा हेड कोच झाला आणि 1979 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स हा संघ मिळाला. पहिल्या हंगामात 16 पैकी 2 विजय. दुसऱ्यात 6. आजचा मालक कदाचित तिथेच थांबला असता. संघाचा मालक एडी डीबार्टोलो थांबला नाही, हे त्याचं श्रेय. दरम्यान वॉल्शने 1979 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत 82व्या क्रमांकावर एक सडसडीत पोरगा उचलला होता. हाताच्या जोराबद्दल सगळ्यांना शंका, पण पाय हलके आणि निशाणा पक्का. जो मोंटाना. कार्टरची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला या निवडीचं नवल वाटणार नाही.

10 जानेवारी 1982, डॅलसविरुद्धचा सामना. फोर्टीनायनर्स 27-21 ने मागे, पाचेक मिनिटं बाकी, आणि चेंडू स्वतःच्या 11 यार्डांच्या रेषेवर. तिथून छोटे पास आणि धावा करत संघ समोरच्या 6 यार्डांपर्यंत आला. मोंटाना उजवीकडे पळाला, ज्याच्यासाठी चाल होती तो रिसिव्हर झाकला गेलेला, अंगावर तिघे धावून येताहेत. त्याने चेंडू उंच फेकला आणि ड्वाइट क्लार्कने उडी मारून तो बोटांच्या टोकांवर धरला. 28-27. लोक याला चमत्कार म्हणतात. पण हीच चाल त्याच सामन्याच्या सुरुवातीला वापरून एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) झालेला होता, आणि पहिला रिसिव्हर अडला तर क्लार्कने मागच्या रेषेवर कुठे जायचं हे सरावात घोटून घेतलेलं होतं.

दोन आठवड्यांनी डेट्रॉइटजवळ सुपर बोल. संघ हॉटेलवर उतरला तेव्हा दारात पांढऱ्या केसांचा एक हमाल खेळाडूंच्या बॅगा ओढायला लागला; काहींनी त्याच्याशी झटापटही केली. तो हमालाच्या गणवेशातला वॉल्श होता. पोरांचा ताण हलका करायचा होता, म्हणून. समोर होता बेंगल्सचाच संघ. 26-21 ने हरवला.

1985 आणि 1989 च्या जानेवारीत आणखी दोन विजेतेपदं आली, पण मधली वर्षं माणसाला पोखरणारी होती. 1987 च्या हंगामात 15 पैकी 13 सामने जिंकून संघ बाद फेरीत मिनेसोटाकडून हरला, आणि मालकाने त्याचं अध्यक्षपद काढून घेतलं. एका सामन्यासाठी! 1989 चा सुपर बोल, पुन्हा बेंगल्सविरुद्ध, 34 सेकंद उरले असताना जिंकल्यावर तो ड्रेसिंग रूममध्ये रडला आणि काही दिवसांत राजीनामा देऊन मोकळा झाला. वय 57. त्याच संघाने पुढच्या वर्षी जॉर्ज सीफर्टच्या हाताखाली डेन्व्हरला 55-10 असं धुतलं. आपण लवकर सोडलं, ही चुटपुट वॉल्शला राहिली.

माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम या विजेतेपदांत नाही. 1987 मध्ये त्याने कॉलेजांतल्या कृष्णवर्णीय कोचांना उन्हाळी शिबिरात बोलावून व्यावसायिक संघाचं काम आतून दाखवायला सुरुवात केली. तेव्हा आधुनिक एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय हेड कोच नव्हता. पहिला, आर्ट शेल, 1989 मध्ये झाला. लीगने पुढे ही योजना सगळ्या संघांत नेली आणि तिला वॉल्शचं नाव दिलं. फोनवर नाव घेणारा कोणी नसेल तर काय होतं, हे ज्याने भोगलं त्याने दुसऱ्यांसाठी फोन उचलायची सोय केली. या योजनेतून गेलेल्यांपैकी मार्व्हिन लुइस पुढे सोळा हंगाम हेड कोच होता, आणि तोही कुठे, तर वॉल्शला नाकारणाऱ्या बेंगल्सकडे. 32 खुर्च्यांचा हिशेब आजही न्याय्य झालेला नाही, हेही सांगायला हवं.

वॉल्श 2007 मध्ये ल्युकेमियाने गेला. त्याची विद्या मात्र घराण्यासारखी चालत आली आहे: त्याचा शागीर्द माइक होमग्रेन, होमग्रेनचा शागीर्द अँडी रीड. याच रीडच्या कॅन्सस सिटीने 2020 आणि 2024 च्या सुपर बोलमध्ये वॉल्शच्याच फोर्टीनायनर्सना हरवलं.

येत्या फेब्रुवारीत सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास दिसेल. जाग आली तर बघा. नियम माहीत नसले तरी चालेल. चेंडूकडे बघू नका, कोचच्या हातातल्या, चाली लिहिलेल्या आणि प्लास्टिक चढवलेल्या मोठ्या कार्डाकडे बघा, आणि पहिली दहा-बारा मिनिटं तरी टीव्ही बंद करू नका.