सिद्धता हाती असली, तरी सांगावी का?

दवाखान्यात येणारे सगळेच प्रश्न औषधांचे नसतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या ऐंशी वर्षांच्या आईंना तपासायला घेऊन आले. आई बाहेर बाकावर बसल्या असता ते मला म्हणाले, “डॉक्टर, देव नाही हे एकदा तुम्हीच तिला नीट समजावून सांगा. तुमचे ती ऐकेल.” मी ईश्वर मानत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही मी नकार दिला. त्याचे कारण दोन मिनिटांत सांगता आले नाही. ते येथे सांगतो.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणपती दूध पीत असल्याची वार्ता त्या दिवशी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. मी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. आईही वाटी-चमचा घेऊन देवळात जाऊन आली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केला, दुधाने भरलेला चमचा त्याला टेकवला आणि चमचा रिकामा होऊ लागला. पृष्ठताण म्हणजे काय, दूध दगडाच्या अंगावरून पातळ थराने कसे ओघळते, हे मी तिला दाखवले. शास्त्रज्ञांनीही हेच स्पष्टीकरण दिले होते. आई मनापासून हसली. “म्हणजे आपला वरवंटाही देवच की रे!” म्हणाली. येथवर सारे ठीक होते.

पण मी थांबलो नाही. पितृपंधरवडा चालू होता. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि तीन दिवसांनी, सर्वपित्री अमावास्येला, त्यांच्यासाठी पान वाढायचे होते. मी म्हणालो, “गणपती दूध पीत नाही, तसे बाबाही तुझी खीर खायला येणार नाहीत. वर कोणीही नाही, आई.” मग अर्धा तास मी एकेक युक्तिवाद मांडत गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “असेलही तुझे खरे.” वाद जिंकल्याच्या समाधानात मी झोपलो.

त्या अमावास्येला घरात खीर झाली नाही. कोजागरीनंतर गावात काकडआरती सुरू झाली. आई गेली नाही. भजनी मंडळाच्या बायका बोलावून गेल्या, तरी ती उठली नाही. माघापर्यंत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. मी रक्त, थायरॉइड, साखर सारे तपासले; काही निघाले नाही. शेवटी मी विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पहाटे उठून करायचे काय, तेच कळत नाही.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या एका श्रद्धेच्या आधाराने तिचा सारा दिवस उभा होता. पहाटेचे उठणे, स्नान, परसातली फुले वेचताना होणारे वाकणे, देवळापर्यंतची पायपीट, मोठ्याने म्हटलेले अभंग, चार समवयस्क बायकांची सोबत आणि वडिलांशी मनातल्या मनात होणारे बोलणे. आज मी एकाकी वृद्धांना व्यायाम, ठरलेली दिनचर्या आणि माणसांत मिसळणे हेच लिहून देतो. तिच्याकडे ते सारे होते. माझ्याजवळ त्या बदल्यात द्यायला काहीही नव्हते.

याचा अर्थ खोटे बोलावे, असा मी करत नाही. प्रार्थनेने रोग बरा होतो का, हे तपासता येते आणि ते तपासलेही गेले आहे. २००६ साली अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतरांनी केलेल्या प्रार्थनेचा उपयोग आढळला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांत ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, तर प्रार्थना होऊनही तशी खात्री न दिलेल्यांत ५२ टक्क्यांना. म्हणून अंगाऱ्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्याला मी स्पष्ट शब्दांत अडवतो. तेथे मौन हा गुन्हा ठरेल.

महाराष्ट्राने ही दोन्ही टोके एकाच व्यासपीठावर पाहिली आहेत. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा असे उघडपणे सांगत, डॉ. नरेंद्र दाभोलकर आपला विरोध देवाला नसून देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे म्हणत. दोघेही वैद्यकीचे पदवीधर. माझी बुद्धी पहिल्यांबरोबर जाते, पण रुग्णाच्या उशाशी बसलो की दुसऱ्यांची वाट मला जवळची वाटते.

एक आक्षेप मात्र मला आजही टोचतो. वृद्धांना सत्य झेपणार नाही असे आपणच ठरवणे, हा त्यांचा अपमान नव्हे का? कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपवू नये, असे आम्ही म्हणतो. मग हेच का लपवावे? याचे उत्तर मला त्या निदानाच्या रीतीतच सापडले. वाईट बातमी सांगण्यापूर्वी आम्ही विचारतो, “तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” आईला मी हे विचारलेच नव्हते. उद्या देव नसल्याची निर्विवाद सिद्धता माझ्या खिशात आली, तरी मी ती कोणाच्या दारात टाकणार नाही. मात्र ज्याने मनापासून विचारले, त्याच्यापासून लपवणारही नाही. एका आजींनी विचारले होते, “नातू गेला, ही माझ्याच पापाची शिक्षा का हो?” त्यांना मी ठामपणे “नाही” म्हणालो. तेथे श्रद्धाच जखम करत होती.

तुमच्या घरी कोणी श्रद्धाळू वृद्ध असतील, तर एवढे करा. उपवास असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा ठरवून घ्या. उपाशीपोटी घाम, थरथर वा गोंधळ दिसला तर तत्काळ साखर द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. देवळात जाताना काठी आणि सोबत द्या. आणि वाद घालावासा वाटलाच, तर त्यांच्या दिवसाची जागा आपण कशाने भरणार आहोत, हे आधी स्वतःला विचारा.

आईला पुन्हा बाहेर काढले ते शेजारच्या काकूंनी. “टाळ धरायला माणूस कमी पडते,” म्हणून त्या तिला हात धरून घेऊन गेल्या. पुढच्या भाद्रपदात घरात खीर झाली. तिचा विश्वास परतला की केवळ टाळ, हे मी कधी विचारले नाही. पान वाढून झाल्यावर ती म्हणाली, “तूही बस जेवायला,” आणि मी बसलो.