दोरीवरची कारकीर्द

काही शब्द राजवाड्यातून निघतात आणि फिरत फिरत बाजारपेठेत येऊन राहतात. 'कारकीर्द' हा त्यांपैकी एक. आमच्या शाळेच्या दिवसांत तो केवळ इतिहासाच्या पुस्तकात भेटत असे. माधवराव पेशव्यांची कारकीर्द, नाना फडणविसांची कारकीर्द, अमक्या सुलतानाची कारकीर्द. आणि तीत काय काय घडले ते पाच मुद्द्यांत लिहा, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. सामान्य माणसाला कारकीर्द नसे. त्याला नोकरी असे, धंदा असे, फार तर हुद्दा असे. आता हा शब्द वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर येऊन बसला आहे, आणि मिसरूडही न फुटलेल्या मुलाची किंवा दोन वेण्या घातलेल्या मुलीची कारकीर्द तेथे बहरते, डळमळते आणि संपुष्टातही येते. याबद्दल माझी तक्रार नाही. राज्ये गेली, शब्द उरले. ते कोणीतरी वापरलेच पाहिजेत. परंतु शब्द घर बदलतो तेव्हा जुन्या घरातली मापे तो बरोबर घेऊन येतो. कारकीर्द म्हटली की ती किती वर्षे चालली आणि मागे काय ठेवून गेली, हे दोन प्रश्न आपण नकळत विचारतो. राजाला ते विचारणे ठीकच आहे. पण ज्यांचे राज्य त्यांच्या देहाएवढेच असते, त्यांना ते कसे विचारावेत?

दक्षिण कोरियातील किम युना हिचे उदाहरण घ्यावे. ज्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि बर्फ म्हटला की गोळेवाल्याची गाडी आठवते, तेथल्या मनुष्याने बर्फावरच्या खेळाविषयी लिहावे हे थोडे हास्यास्पद आहे खरे. पण सौंदर्याला हवामानाचे बंधन नसते. पायांत पोलादी पात्यांचे बूट, खाली गोठलेले पाणी, आणि तीनचार मिनिटांचा अवधी. तेवढ्यात वेगाने धावावयाचे, गिरक्या घ्यावयाच्या, हवेत देहाचे तीन वेढे घेऊन एकाच पायावर उतरावयाचे. आणि हे सारे संगीताच्या लयीत, श्रमाची रेषाही चेहऱ्यावर उमटू न देता. याला फिगर स्केटिंग म्हणतात. १९९० साली जन्मलेल्या या मुलीच्या बालपणी कोरियात या खेळाला साजेशी बर्फांगणे मोजकीच होती. लोकांची गर्दी ओसरल्यावर रात्री उशिरा तिला सराव करावा लागे. २०१० साली व्हँकूव्हरच्या ऑलिंपिकमध्ये तिने २२८.५६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. २०१४ साली सोची येथे तिला रौप्यपदक मिळाले आणि त्यानंतर तिने स्पर्धा सोडली. तेव्हा तिचे वय होते तेवीस. त्या वयात आमचा विद्यार्थी एम.ए.ची परीक्षा देऊन 'आता पुढे काय?' असे विचारत माझ्या दारात उभा असतो.

सोचीचा निकाल अनेकांना पटला नाही. रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाला २२४.५९ गुण आणि किमला २१९.११. पुनर्विचार व्हावा म्हणून लक्षावधी लोकांनी अर्जावर सह्या केल्या. मला या वादापेक्षा त्या अपूर्णांकांचेच नवल अधिक वाटते. माझे अर्धे आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेले आहे. निबंधाला दहांपैकी सहा द्यावेत की साडेसहा, या विवंचनेत मी चहा थंड होऊ दिला आहे. तेथे हे परीक्षक हवेतल्या एका गिरकीला शतांशापर्यंत मोजतात! पूर्वी या खेळात सहा गुण ही कमाल मर्यादा होती. २००२ सालच्या ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या पक्षपाताचे प्रकरण उघडकीस आले आणि पुढे प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगवेगळे गुण देण्याची पद्धत सुरू झाली. न्याय थोडा वाढला असेल. तथापि ज्या क्षणी पाहणाऱ्याचा श्वास थांबतो, त्या क्षणाला कोणत्या रकान्यात घालावयाचे, हा प्रश्न जसाच्या तसा राहिला आहे.

किमच्या मागून कोरियात मुलींची एक पिढीच बर्फावर उतरली. त्यांतली यू यंग ही २०१६ साली अवघ्या अकराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, आणि २०२० साली लोझान येथील युवा ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले. अकरा वर्षे! या वयात आपल्याकडे मुलीला एकटीने रस्ता ओलांडू द्यावा की नाही यावर घरात चर्चा होते. या खेळात लहानपण हेच भांडवल असते. हलका देह हवेत अधिक सहजतेने फिरतो. म्हणूनच २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनेला प्रौढ गटातील प्रवेशाचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर न्यावे लागले. देह उमलण्याआधीच त्याचा मोसम उलटून जावा, ही गोष्ट अखेर नियम करणाऱ्यांनाही खटकली.

परंतु बर्फ पाहण्यासाठी एवढे दूर जाण्याचे कारण नाही. याच जातीची कला आपल्या अंगणात लोंबकळते आहे, फक्त ती बर्फावर नसून दोरीवर आहे. मल्लखांबाचा उगम शोधू लागले तर आम्हां सोलापूरकरांना शेजारीच जावे लागते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख आहे. आणि ते कल्याण म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे बसवकल्याण. पुढे कित्येक शतके ही विद्या विस्मृतीत गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे पैलवान पुण्यात आव्हान घेऊन आले, तेव्हा बाळंभटांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि झाडावरच्या वानरांच्या हालचालींतून त्यांना या विद्येची दृष्टी लाभली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक शहाणपण आहे. बलाढ्याला बळाने नव्हे, चापल्याने जिंकावे.

पुरलेल्या लाकडी खांबावर एरंडेल चोपडून दसरंग, तेढी, फरारे करावयाचे, ते बहुधा मुलग्यांनी. मुलींच्या वाट्याला प्रामुख्याने दोरी आली. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. चांगला वेत दुर्मीळ झाला आणि त्याची जागा सुती दोराने घेतली. या दोराला गाठ नसते, पायरी नसते. पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढावयाचे, आणि मग त्याच दोराचा एखादा वेढा मांडीला, एखादा कमरेला घेऊन अधांतरी पद्मासन घालावयाचे. हात सुटलेले, डोळे मिटलेले, आणि जमीन दोन पुरुष खाली. स्वतःच घातलेला वेढा चुकला तर आधार नाही. बरोबर बसला तर दोर देहाला असा धरतो की जणू देहच दोर झाला आहे.

या विद्येतील आजचे नाव घ्यावयाचे तर हिमानी परब हिचे घ्यावे लागेल. मुंबईच्या शिवाजी पार्कवर व्यायाममहर्षी काळे गुरुजींनी १९२५ साली स्थापन केलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. हिमानी तेथे घडली. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच मैदानावर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. निरनिराळ्या देशांचे खेळाडू आपला हा मराठमोळा खांब कवटाळण्यासाठी आले, आणि सुवर्णपदके मिळवणाऱ्या भारतीयांत हिमानी होती. २०२१ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबासाठी हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली खेळाडू. किम युनाच्या वाट्याला आलेली अफाट लोकप्रियता आणि संपत्ती येथे नाही. मल्लखांब ऑलिंपिकच्या स्पर्धांत नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, तेवढाच काय तो त्या मंडपाला झालेला स्पर्श. मग ही मुलगी कशासाठी चढली असेल?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या शहराच्या पूर्व भागातील एका गृहस्थांनी तो मला विचारला. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. ते स्वतः यंत्रमागावर टॉवेल विणतात, बायको विड्या वळते. थोरला मुलगा माझ्या वर्गात होता, त्या ओळखीने ते आले. धाकटी मुलगी शाळेत दोरीचा मल्लखांब करते. म्हणाले, "सर, पोरगी दोरीवर लई चांगलं करतीय म्हणतेत. पण आता धावीला हाय. ह्याचा पुढं उपयोग काय, ते सांगा की तुम्ही."

मी जे सांगता येण्यासारखे होते ते सांगितले. खेळाडूंना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण असतात. सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "किती पोरींना मिळती अशी नोकरी?" हिशेबी मनुष्य, सुताचा भाव आणि वीजदर यांच्या मधोमध उभा राहून ज्याला घर चालवावे लागते, त्याला आशेचा घाऊक भाव सांगून भागत नाही. मीही पुढे काही बोललो नाही. जन्मभर मुलांना काव्य शिकवणाऱ्याला 'ह्याचा उपयोग काय?' हा प्रश्न नवा नसतो, आणि त्याचे उत्तर तो नेहमी थोडा वेळ मागून घेतो.

त्यांच्याच आग्रहावरून मी एका संध्याकाळी त्या मुलीचा सराव पाहण्यास गेलो. ती वर गेली, वेढा घेतला, हात सोडले आणि क्षणभर स्थिर राहिली. मैदानावरचा गलका चालूच होता; पण तिच्याभोवती जणू शांततेचे वर्तुळ तयार झाले. मग ती उतरली, आणि दोर पुन्हा दोर झाला. तेथे काही घडले होते याची एकही खूण मागे उरली नाही. वडिलांकडे पाहून मला वाटले, या मनुष्याच्या दिवसभराच्या श्रमाचे रात्री कापड होते. ते मोजता येते, घडी घालता येते, विकता येते. मुलीच्या श्रमाची घडी कशी घालणार? ज्ञानेश्वरांचे आयुष्य एकवीस वर्षांचे, कीट्सचे पंचवीस. पण त्यांच्यामागे ग्रंथ राहिले, म्हणून त्यांना अल्पायुषी म्हणतानाही आपण अर्धवट मानत नाही. दोरीवरचा क्षण कोणत्या पोथीत बांधून ठेवावा? चित्रफीत राहते म्हणावे, तर चित्रफितीत दोर दिसतो. पकड दिसत नाही.

परीक्षा जवळ आली तसा वडिलांनी तिचा सराव बंद केला. मी त्यांना दोष देणार नाही. दहावी नापास झालेल्या मुलीचे पुढे काय होते ते त्यांच्या गल्लीत त्यांना रोज दिसते. मात्र मुलीने संध्याकाळचा एक तास मागून घेतला. स्वतः दोरीवर चढावयाचे नाही. लहान मुली चढतील तेव्हा खाली उभे राहून त्यांची पकड पाहावयाची आणि कोणी निसटलीच तर झेलावयाचे. गंमत अशी की, हे मात्र वडिलांना लगेच मान्य झाले. ते मला म्हणाले, "ते बराबर हाय सर. तुटलेला धागा जोडायला मला पण माझ्या वडलानंच शिकवलं. मागं उभारून." उपयोगाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी जे उत्तर शोधीत होतो ते त्यांच्या या वाक्यात होते. विणकराचे कापड मागे राहते हे खरे. परंतु धागा जोडणारे बोट कापडात राहत नाही. ते राहते दुसऱ्याच्या बोटात. बाळंभटदादांची एकही उडी आज कोणी पाहू शकत नाही, आणि तरीही ती शिवाजी पार्कवर रोज संध्याकाळी घेतली जाते. हिमानीच्या मागे उदय देशपांडे यांच्यासारखे गुरू उभे आहेत, ज्यांनी अंध मुलींनाही दोरीवर चढवले. डोळ्यांना न दिसणारी पकड केवळ स्पर्शाने एका देहातून दुसऱ्या देहात जाते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? २०२४ साली देशपांड्यांना पद्मश्री मिळाली. आणि तिकडे कोरियात, ज्या मुलीला बर्फांगण रिकामे होण्याची वाट पाहावी लागे, तिला पाहून कित्येक मुलींनी पायांत ते बूट चढवले. तेवीस वर्षांच्या मुलीची कारकीर्द संपली असे वर्तमानपत्राने लिहिले ते बरोबर आहे. संपली ती कारकीर्द; विद्या संपली नाही.

म्हणून मला वाटते, या मुलींची कारकीर्द वर्षांत मोजण्यात अर्थ नाही, आणि शतांशांतही नाही. त्यांच्यासाठी समाजाने करावयाचे काम पदके मोजण्यापेक्षा साधे, पण अधिक कठीण आहे. गावोगावच्या मैदानावर एक दोर टांगलेला राहावा. दहावीच्या वर्षी तो जिच्या हातून सुटला, तिला परत येण्यास वाट असावी. आणि जी कायमची खाली उतरली तिला दोराखाली उभे राहून पोट भरता येईल एवढे मानधन मिळावे. एवढे झाले तर कोणा बापाला माझ्यासारख्याच्या दारात येऊन उपयोग विचारावा लागणार नाही. राजे गादीवरून उतरले की त्यांची कारकीर्द संपे. दोरीवरून उतरलेल्या मुलीचे खरे काम पुष्कळदा त्यानंतर सुरू होते.