साका, विरजण आणि घरची बिअर

या धाग्यात आजवर मीठ, नीळ, कागद असे विषय येऊन गेले. आजचा विषय बिअर. पण कारखान्यातली नव्हे, घरी बनवलेली. इंग्लंडमधल्या आमच्या घरी मी गेली अकरा वर्षे ती बनवतो आहे. इथे त्याला आडकाठी नाही. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला, तेव्हापासून ती कोणीही आपल्या घरापुरती बनवू शकतो. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सूचना: तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे. धागा वाचून पातेले चढवू नये.)

बिअर बनवणे म्हणजे मुख्यत्वे भांडी घासणे, हे पहिल्या वर्षीच कळते. मोड आणून वाळवलेला जव भरडून ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. त्यातलीच विकरे पिष्टाची साखर करतात. तो गोड काढा गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, झटपट गार करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. इथवरचे काम पाच-सहा तासांत आटोपते. बाकी सारे धुणे, निर्जंतुक करणे आणि वाट पाहणे. नवखे लोक पाककृतीच्या मागे लागतात, पण स्वच्छता आणि आंबतानाचे तापमान यांच्यापुढे पाककृती दुय्यम असते. एकच काढा दोन भांड्यांत वाटून एक १८ अंशांवर आणि दुसरे २६ अंशांवर ठेवून पाहावे. नेहमीचे इंग्लिश यीस्ट असेल, तर दुसऱ्या भांड्यात बहुधा अतिपिकल्या फळांचा वास आणि मद्यार्काचा उग्रपणा उतरतो.

मात्र या अकरा वर्षांत मला सर्वाधिक शिकवले ते भांड्याच्या तळाशी उरणाऱ्या साक्याने, आणि ते शिक्षण बिअरपेक्षा इतिहासाचे अधिक होते.

बव्हेरियाचा १५१६ चा 'शुद्धतेचा कायदा' समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. इंगोलश्टाट येथे काढलेल्या त्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे बजावले. त्यात यीस्टचा उल्लेख नाही. म्हणून 'त्या काळी यीस्ट कोणाला ठाऊकच नव्हते' असा निष्कर्ष बिनदिक्कत काढला जातो. आंबवणीचे भांडे ज्याने एकदा तरी स्वतः रिकामे केले आहे, त्याला हे पटणे कठीण. आंबण ऐन भरात असताना जाड फेस झाकणाला भिडतो. पुढे वीस लिटर बिअर उपसून घेतली की तळाशी मलईच्या रंगाचा दाट थर उरतो. तो थोडासा पुढच्या काढ्यात घातला की काही तासांत काढा खदखदू लागतो. न घातला तर एक-दोन दिवस काहीच घडत नाही, आणि मग घडते ते बहुधा नको असलेले असते. ज्यांचे पोट या धंद्यावर होते, त्यांच्या नजरेतून हे पिढ्यान्पिढ्या सुटले असेल काय? नॉरिचच्या १४६८ च्या नोंदींत बिअरवरच्या या फेसाला 'देवाचे देणे' अशा अर्थाचे नाव आहे. वस्तू ठाऊक होती. ती सजीव आहे, हे ठाऊक नव्हते.

मग फर्मानात ती का नाही? माझा तर्क साधा आहे. दही कशाचे, असे विचारले तर आपण दुधाचे म्हणतो. विरजण सामग्रीत कोणी मोजत नाही. ते मागच्या दह्यातूनच आलेले असते. घरातले विरजण संपले की आई मला वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पिटाळायची. त्या वाटीचा हिशोब कोणी ठेवला नाही.

युरोपातही वाटी फिरतच होती. पश्चिम नॉर्वेत बिअर हे शेतघराचे नित्यकर्म होते. तिथल्या गुलाटिंग नावाच्या मध्ययुगीन कायद्याने शेतकऱ्यांना नाताळासाठी बिअर बनवणे सक्तीचे केले होते. न बनवणाऱ्याला दंड होता, आणि सलग तीन वर्षे टाळणाऱ्याची मालमत्ता राजा आणि बिशप यांच्याकडे जाई. अशा समाजात यीस्ट जपणे ही चैन नव्हे. तिकडच्या बोलीत त्याला 'क्वेइक' म्हणतात. ते कापडावर किंवा लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेपर्यंत ठेवत, आणि आपले बिघडले तर शेजाऱ्याकडून आणत. विकतचे यीस्ट आल्यावर बहुतेक खोऱ्यांतून ही परंपरा गेली. व्हॉस, हार्डांगर अशा काही भागांत टिकली. हे क्वेइक ३५ ते ४० अंशांवरही स्वच्छ चवीची बिअर देते. तेव्हा तापमानाचा जो नियम मी वर सांगितला, तो बिअरचा नियम नव्हेच. तो एका विशिष्ट यीस्टचा स्वभाव आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात क्वेइक हे पाळीव यीस्टचे वेगळेच कूळ असल्याचे दिसले. ते कूळ घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सूक्ष्मदर्शक पाहिलाही नसेल.

दुसरी वाटी म्युनिकहून निघाली. १८४५ मध्ये जे. सी. याकोबसेन यांनी तिथल्या श्पाटेन ब्रुअरीतले यीस्ट घोडागाडीने कोपनहेगनला आणले. वाटेत गाडी थांबेल तिथे ते डब्यांवर गार पाणी ओतत. त्याच यीस्टवर १८४७ मध्ये कार्ल्सबर्ग उभी राहिली. पुढे तिथल्या बिअरला वाईट चव येऊ लागली. कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी दाखवले की साक्यात जंगली यीस्ट मिसळले आहे, आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. याकोबसेन यांनी ते गुपित ठेवले नाही. इतर ब्रुअऱ्यांनाही ते दिले.

हान्सेनमुळे बिअर एकसुरी झाली, अशी तक्रार घरगुती बिअरवाल्यांत नेहमी ऐकू येते. ती मला अर्धीच मान्य आहे. एकाच पेशीची संतती जगभर पसरली की बाकीची कुळे मागे पडणारच. पण आंबट झालेले वीस लिटर मोरीत ओतताना पाहिलेला माणूस हान्सेनला नावे ठेवणार नाही. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: प्रयोगशाळांनी आपली कुळे नोंदवून जपली, शेतघरांकडची मात्र नोंद न होताच संपली.

गेल्या हिवाळ्यात बर्गनहून एका मित्राने टपालाने पाकीट पाठवले. त्यात कागदावर वाळवलेल्या क्वेइकचे फिकट तपकिरी पापुद्रे होते. रात्री दोन चिमटी कोमट काढ्यात टाकले. सकाळी भांड्यावरचे झाकण थडथडत होते. बिअर बाटल्यांत भरल्यावर साक्याचे तीन भाग केले. एक फ्रिजमध्ये आहे आणि दोन शेजारच्या गावात बिअर बनवणाऱ्या दोघांकडे गेले.