साडेतीन फेरे

शनिवारी संध्याकाळी बर्डीवर गाडी घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे प्रत्येक नागपूरकराला माहीत असतं. तरी मी गेले. एक तर माझं ऑफिस तिथेच, सीताबर्डीत. आणि खरं कारण म्हणजे, मला गाडी दाखवायची होती!

गाडी म्हणजे 2002 ची फियाट पॅलिओ, 1.6 जीटीएक्स. एमएच-31, पेट्रोल, शंभर हॉर्सपॉवर. तुम्ही म्हणाल, पॅलिओ काय दाखवायची? तर त्या काळात आपल्याकडे मध्यमवर्गाला परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे अशीच असायची. बाहेरून साधीसुधी हॅचबॅक, बॉनेटखाली दांडगं इंजिन. पॅलिओची जाहिरात सचिन करायचा. त्यानं ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटतर्फे शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मिळाली, तेही 2002 सालीच. सचिनला फेरारी, आम्हाला पॅलिओ! बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या माझ्या काटकसरी बाबांनी आयुष्यात केलेली ती एकमेव उधळपट्टी.

आता बाबांनी सत्तरी ओलांडली आहे आणि गाडी माझ्याकडे आहे. इंजिन अजून ठणठणीत. पण मला एक गोष्ट खुपायची. चाकं आत दबल्यासारखी दिसायची. मडगार्ड आणि टायर यांच्यामधला तो गॅप! परदेशातल्या जुन्या गाड्यांचे फोटो पाहावेत, तर चाक कसं मडगार्डच्या कडेशी अगदी सरळ रेषेत. आणि आमची पॅलिओ? मोठ्या भावाची पँट घातलेल्या पोरासारखी.

मग मी चकाचक अलॉय घेतले. इथे थोडं गणित आहे, पण थांबा, सोपं आहे. चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. मारुती स्विफ्ट, होंडा सिटी अशा बऱ्याच गाड्यांचा पीसीडी 100 मिलिमीटर, चार बोल्ट. फियाटचा मात्र 98! उनोचा तोच, पॅलिओचाही तोच. इटालियन हट्ट म्हणा. बाजारात 98 चे रिम शोधून मिळेनात, 100 चे ढीगभर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन मिलिमीटरनं काय होते? बसते बरोबर."

आणि बसलेही. निदान तसं वाटलं. पण नवे रिम जास्तच आत गेले, कारण त्यांचा ऑफसेट वेगळा होता. ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि रिम हबला टेकते ती जागा यांच्यातलं अंतर. ते जितकं जास्त, तितकं चाक आत. यावर दुकानदाराकडे उपाय तयार होता, तो म्हणजे स्पेसर. अॅल्युमिनियमची आठ मिलिमीटर जाडीची चकती, हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची. चाळीसचा ऑफसेट झाला बत्तीस, चाक आलं बाहेर. मी तर खूश!

तुम्हाला वाटेल, स्पेसर म्हणजे काहीतरी गावठी जुगाड. तसं नाही. पोर्शेनं 911 च्या काही जुन्या मॉडेल्सना कारखान्यातूनच स्पेसर देऊ केले होते. पण सोबत त्या जाडीच्या हिशेबानं लांब बोल्टही दिले होते. ही दुसरी ओळ मी वाचलीच नव्हती.

पुढचे दोन आठवडे ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. मी म्हटलं, वर्धा रोडच खराब असेल. स्वतःच्या हौसेवर माणूस दोष घेत नाही, रस्त्यावर ढकलतो!

तर तो शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन शिर्डीला जायचं होतं, समृद्धी महामार्गानं. नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर, वेगमर्यादा 120. बाबा माझ्यासोबत बर्डीवर आले होते, प्रवासाची औषधं घ्यायला. व्हरायटी चौकाच्या अलीकडे गाड्यांची रांग इतकी हळू सरकत होती की बाबा औषधं घेऊन आले आणि गाडीत न बसता खिडकीच्या बाजूनं चालायलाच लागले. बाइकवरचे दोन पोट्टे माझी चाकं निरखत होते. मी आपली आरशात स्वतःवर खूश. इतक्यात बाबांनी काचेवर टकटक केलं.

"काहून गं, हा आवाज कसला येऊन राहिला?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं, गाणी सुरू होती ना! बंद केली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीकसा आवाज. टक... टक... टक...

गाडी कशीबशी एका गल्लीत घेतली. बाबांनी डिकीतून पाना काढून पुढच्या डाव्या चाकाच्या बोल्टला लावला. तो जोर न लावताच फिरला. दुसराही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त उस्तादांना फोन लावला.

उस्ताद म्हणजे आमची गाडी पहिल्यापासून पाहणारे मिस्त्री. लोहापुलाच्या पलीकडे त्यांचं छोटंसं गॅरेज आहे. स्कूटरवर जॅक घेऊन ते आले, गाडी उचलली आणि दोन चांगल्यापैकी बोल्ट मला हातानं घट्ट करायला लावून मग मोजत सोडायला सांगितले. "मोठ्यानं मोज, ताई." एक... दोन... तीन... साडेतीन. बोल्ट हातात!

"लग्नाले सात फेरे लागते, ताई," उस्ताद म्हणाले, "अन् चाकाले साडेतीनच?"

मी हसले. मग हसू आपोआप विरलं.

पॅलिओचा बोल्ट 12 मिलिमीटर जाडीचा, आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे. साधा ठोकताळा असा की बोल्ट जितका जाड, किमान तितका तो आत रुतला पाहिजे. म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. कंपनीचे बोल्ट तेवढेच जातात. मध्ये आठ मिलिमीटरची चकती घातली की सहा-साडेसहा फेरे ती खाते. उरले साडेतीन. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त चालतात, साडेतीन शक्तिपीठं चालतात. साडेतीन आटे चालत नाहीत.

बरं, चाक नेमकं मध्यभागी धरून ठेवतो तो हबचा बाहेर आलेला गोल काठ. तो सपाट स्पेसरनं गिळला होता. त्यात दुकानदाराचे ते दोन मिलिमीटर! 98 च्या हबवर 100 चा रिम म्हणजे प्रत्येक भोक एक मिलिमीटर सरकलेलं, बोल्टची निमुळती मान रिममध्ये नीट बसतच नाही. म्हणून थरथर. म्हणून बोल्ट सैल. पहाटे मी आई-बाबांना घेऊन ताशी शंभरनं निघणार होते ते या भरवशावर.

त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. बाबा गच्चीवर गेले आणि ताडपत्रीखालून जुनी चारही चाकं काढून आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नवे रिम आले तेव्हा मीच म्हटलं होतं, भंगारात देऊन टाकू. बाबा "राहू दे गं" एवढंच म्हणाले होते. आता अंगणात दिव्याखाली उस्ताद एकेक चाक चढवत होते. दोन बोल्टांचे आटे गेलेले निघाले, ते त्यांनी आपल्या डब्यातल्या जुन्या उनोच्या बोल्टांनी बदलले. आई पायरीवर बसून मोठ्यानं फेरे मोजत होती. दहा झाले की म्हणायची, "हं, पुढचा!"

रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत, रिम लावले तेव्हा?"

"छान दिसत होती गाडी," बाबा म्हणाले. "मलाही आवडली होती."

निघायला तीन तास उशीर झाला. साधारण शंभर किलोमीटरवर पेट्रोल पंपावर थांबून बोल्ट पुन्हा तपासले, कारण चाक काढून बसवलं की थोडं चालवून ते परत आवळायचे असतात. मग सरळ शिर्डी. ऐंशीच्या वर स्टिअरिंग जराही थरथरलं नाही.

तुमच्याकडेही एखादी जुनी झेन किंवा पॅलिओ असेल आणि हात शिवशिवत असतील, तर रंग बघण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा. पीसीडी माझ्या गाडीचाच आहे ना? मधलं भोक हबच्या काठावर बरोब्बर बसतं ना? स्पेसर असेल तर त्याला स्वतःचा काठ आहे ना? आणि बोल्ट किती फेरे आत जातो? शेवटचं उत्तर ऐकू नका, स्वतः मोजा. शिवाय कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही सांगतात की कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल नाही. विमा कंपनी हे क्लेमच्या वेळी नक्की आठवते.

एक स्पेसर मी ठेवून घेतलाय. ऑफिसात टेबलावर पेपरवेट म्हणून तो झकास काम करतो. खिडकीतून खाली गाडी दिसते. मडगार्ड आणि टायरमधला गॅप आहे तसाच आहे. असू दे बाप्पा!