न ऐकता दिलेला निवाडा

रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. इच्छापोर येथील आमच्या बिऱ्हाडी धाकटा मुलगा ते लावू लागला, की मी संतापत असे. एका रात्री रागाच्या भरात मी त्याच्या साऱ्या कॅसेटी कपाटात कुलूपबंद केल्या. चार दिवस तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही.

अखेर त्याच्या आईच्या शब्दाखातर मी कुलूप काढले व म्हणालो, "बाळ, यांतले तुला आवडते ते मला ऐकव."

प्रथम त्याने मुंबईच्या 'रॉक मशीन' या वाद्यवृंदाचा १९८८ सालचा संग्रह लावला. वादन सफाईदार, पण त्या इंग्रजी गाण्यांत मला आपल्या मातीचा गंध आला नाही. मग लागला दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चा २००० सालचा 'कंदिसा'. त्यातील 'मा रेवा' हे नर्मदामाईचे गाणे. भरूचजवळून वाहणारी, आमच्या परिचयाची तीच ही नर्मदा! आणि शीर्षकगीत म्हणजे केरळातील सीरियन ख्रिस्ती बांधवांची अरामी भाषेतील पुरातन प्रार्थना. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. गिटार व तबल्याच्या साथीने ती ऐकताना माझे हात नकळत जोडले गेले.

त्या वृंदाचे गायक व तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ च्या नाताळच्या दिवशी निवर्तले, तेव्हा आम्ही बापलेकांनी ते गीत पुन्हा एकत्र ऐकले.

वाचकहो, पुष्कळसे रॉक मला अद्यापि कर्कशच वाटते. परंतु न ऐकता निवाडा देणे हा अन्याय होय, हे मी मुलाजवळ कबूल केले आहे.