आसनाखालचा खर्ज

भेट देण्यासारखें निर्धास्त वाटणारें आणि प्रत्यक्षांत धोक्याचें असें दुसरें कृत्य संसारांत क्वचितच असेल. उसने पैसे देणारा परतफेडीची तारीख विचारून घेतो. सल्ला देणाऱ्याला निदान विरोधाची तयारी ठेवावी लागते. भेट देणाऱ्याला मात्र कोणी विरोध करीत नाहीं. घेणारा हंसतो, 'छान आहे' म्हणतो, आणि देणारा आपल्या औदार्यावर खूष होऊन घरीं जातो. ती वस्तु पुढें त्या घरांत काय उत्पात करते याची वार्ता त्याच्यापर्यंत बहुधा पोंचत नाहीं. माझ्यापर्यंत ती पोंचली, पण तीन महिन्यांनीं. आणि तीहि दादरच्या फूलबाजाराकडे जातांना, पहांटेच्या अंधारांत.

माझा धाकटा भाऊ आगाशीस आमची वडिलोपार्जित वाडी पाहतो. वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली. तिच्या आगेंमागें इमारतींनीं चोहोंकडून वाड्या घेरल्या. तरी त्याच्या सोनचाफ्यानें अजून हार खाल्लेली नाहीं. फुलें बाजारांत नेण्यासाठीं त्यानें दोन वर्षांपूर्वी एक जुनी पिकअप घेतली. पुढें चारपांच माणसें बसतील अशी ऐसपैस खोली आणि मागें मालासाठीं उघडा हौदा, असें तें वाहन. मूळचा मालक मोठा हौशी असावा, कारण गाडीचा सर्वांत महागडा प्रकार निवडून त्यानें ती घेतली होती. कारखान्यांतूनच बसवून आलेला स्टिरिओ मात्र जुन्या तऱ्हेचा होता. त्याला नकाशा दिसत नसे, फोन जोडतां येत नसे. फोन मांडीवर ठेवून गाडी चालविणारा भाऊ पाहिला, आणि माझ्यांतला थोरलेपणा जागा झाला. गेल्या दसऱ्याला मीं त्याला हातभर कांचेचा नवा स्टिरिओ घेऊन दिला. दुकानदारानें तासाभरांत जुनें यंत्र काढून नवें बसविलें. भावानें कांचेवरून एकदां बोट फिरविलें आणि तो म्हणाला, "छान आहे, दादा."

त्यानंतर त्या गाडींत बसण्याचा प्रसंग आला तो जानेवारींत. मला मुंबईस एका बैठकीला लौकर पोंचावयाचें होतें. हौद्यांत सोनचाफ्याच्या टोपल्या, पुढें आम्ही दोघे, आणि स्टिरिओवर भजन चालू. वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडतां ओलांडतां माझ्या ध्यानांत आलें कीं, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ आहे, टाळ तर कानांत टोंचावेत इतके स्पष्ट आहेत, पण मृदंग कोणीतरी पत्र्याचा डबा बडवावा तसा वाजतो आहे. भाऊ आमच्याकडच्या भजनी मंडळींत स्वतः मृदंग वाजवितो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती त्याचा स्वर खालीं उतरावा म्हणून. त्या डाव्या हाताच्या घुमाऱ्यावर सारें भजन उभें असतें. येथें डावा हात मुळींच नव्हता.

"हें असें कां वाजतें रे?" मीं विचारलें.

तो थोडा वेळ रस्त्याकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "नवा स्टिरिओ आला तेव्हांपासून मागचा बेस बंद आहे."

"मग तीन महिने बोलला कां नाहींस?"

"तूं एवढ्या हौसेनें दिलास. कशाला सांगायचें?"

या उत्तरांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उलट उत्तर देतां आलें असतें.

मागच्या आसनाखालीं एक चपटी पेटी होती. गाडी घेतली तेव्हांपासून मी तिला हत्यारांची पेटी समजत होतों. तिच्यांत सबवूफर होता. इंग्रजीचा अध्यापक असल्यामुळें मला त्या शब्दाची गंमत वाटली. कुत्र्याच्या जाड भुंकण्याला इंग्रजींत 'वूफ' म्हणतात; त्यावरून जाड स्वर काढणारा तो वूफर, आणि पांखराच्या किलबिलीवरून बारीक स्वर काढणारा तो ट्वीटर. वूफरच्याहि खालचे स्वर काढणारा तो सबवूफर. आपल्या संगीतांत याला खर्ज म्हणतात. आणि 'खर्ज' हा तर 'षड्जा'चाच अपभ्रंश, म्हणजे जो स्वर पहिला तोच सर्वांखालचा. शब्दाची व्युत्पत्ति अशी हातीं लागली तरी पेटी कांहीं वाजेना.

आमच्यासारख्या पदवीधरांना एक खोड असते. दोन लेख वाचले कीं कोणत्याहि विषयांत मत देण्याचा अधिकार आपल्याला आला असें आम्हांस वाटतें. मीं दोन रात्रीं वाचन केलें आणि तोडगा काढला: नव्या स्टिरिओंतून निघणाऱ्या तारा सरळ त्या पेटींतल्या कर्ण्याला जोडाव्या, मधली भानगड काढून टाकावी. हा तोडगा घेऊन आम्ही दोघे वसईच्या पूर्वेस महामार्गाजवळ मोटारींच्या विजेचीं कामें करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. दुकानांत शिरतांच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?" मीं ओळखलें. माझ्या विषयांत तो दोनदां नापास झाला होता. दोन्ही वेळां उत्तरपत्रिका मींच तपासल्या होत्या.

माझा तोडगा त्यानें शांतपणें ऐकून घेतला. वर्गांत मीं त्याचें इतक्या शांतपणें कधीं ऐकलें होतें असें मला स्मरत नाहीं. मग त्यानें पेटी उघडली, मीटरचीं दोन टोकें कर्ण्याला लावलीं आणि आंकडा मला दाखविला. रोध दोन ओहमांहूनहि थोडा कमी होता. नंतर त्यानें नव्या स्टिरिओच्या अंगावरची चिठ्ठी दाखविली. तिच्यावर चार ओहमांहून कमी रोधाचा कर्णा जोडूं नये असें बजावलेलें होतें. "सर, सरळ जोडला तर हा कर्णा त्याच्याकडून झेपेल त्याच्या दुप्पट वीज मागेल. स्टिरिओ तापेल आणि जाईल." माझ्या दोन रात्रींच्या विद्वत्तेचा निकाल असा अर्ध्या मिनिटांत लागला.

मग त्यानें मला जें समजावून दिलें तें शक्य तितकें त्याच्याच शब्दांत देतों. त्या पेटींत कर्ण्याबरोबर त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्याला तीन गोष्टी लागतात: वीज, जागें होण्याचा हुकूम आणि गाणें. वीज बॅटरीपासून जाड तारेनें, फ्यूजमधून, थेट येते. ती इतके दिवस येतच होती. हुकूम एका बारीक तारेनें येतो. स्टिरिओ सुरू झाला कीं त्या तारेंत बारा व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर उठून बसतो. स्टिरिओ बंद झाला कीं निजतो. नव्या स्टिरिओला ही तार होती. निळी, अंगावर पांढरी रेघ असलेली. ज्यानें तो बसविला त्यानें तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती आंत खुपसून दिली होती. ती कोणाची, हें त्यानें विचारलेंच नव्हतें. तीन महिने तो ॲम्प्लिफायर पोटांत वीज घेऊन अंधारांत बसला होता, आणि कोणी त्याला ऊठ म्हणालें नव्हतें.

"मग ही तार बॅटरीलाच जोडून टाक," मीं म्हटलें. माझी खोड अजून गेली नव्हती.

"मग तो रात्रभर जागा राहील सर, आणि पहांटे गाडी सुरू व्हायची नाहीं."

राहिलें गाणें. जुना स्टिरिओ पेटीकडे गाणें पाठवी तें दोन तारांच्या जोडीनें. त्यांपैकीं कोणतीच गाडीच्या लोखंडी अंगाला टेकलेली नसे. नव्याच्या पाठीमागें सबवूफरसाठीं एक गोल खोबण आहे. तिचें बाहेरचें कडें स्टिरिओच्या आवरणाला आणि त्याच्या द्वारें गाडीच्या अंगाला मिळालेलें. दोन्ही एकच गाणें बोलतात, पण बोलण्याची रीत निराळी. त्यानें प्रथम ती तशींच जोडून दाखविलीं. खर्ज आला, परंतु त्याच्याबरोबर एक केविलवाणी शीळहि आली, आणि इंजिनाचा वेग वाढवावा तसतशी ती वर वर चढूं लागली. मग त्यानें मध्यें काड्यापेटीएवढा ट्रान्स्फॉर्मर घातला. त्यांत दोन्ही बाजूंच्या तारांचा एकमेकींना स्पर्श होत नाहीं. फक्त गाणें एकीकडून दुसरीकडे जातें. शीळ थांबली.

हें काम चाललें असतां मी स्टुलावर बसून होतों, आणि मला राहून राहून नासिकच्या एका घंटेची आठवण येत होती. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां येथल्या पोर्तुगीज चर्चांतल्या घंटा मराठे घांटावर घेऊन गेले आणि देवळांना त्यांनीं त्या अर्पण केल्या. त्यांतली एक गोदाकांठच्या नारोशंकराच्या देवळाला मिळाली. हें देऊळ १७४७ सालचें. आणि ती घंटा इतकी गाजली कीं मोठ्या आवाजाच्या मनुष्याला आपण अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतों. वसईंतल्या प्रार्थनेसाठीं ओतलेला धातु नासिकास महादेवापुढें बोलूं लागला. एका घरासाठीं घडविलेला आवाज दुसऱ्या घरीं बोलूं शकतो, याला यापेक्षां मोठा दाखला आम्हां वसईकरांना कशाला हवा? पण तिला तेथें टांगणाऱ्यानें तिचें वजन पेलील अशी जागा आधीं पाहिली असेल, तिला हात कोठून पोंचेल याचा विचार केला असेल. माझ्या भेटींत नेमका तेवढाच भाग राहून गेला होता.

सर्व झालें असें मला वाटलें, तों तो म्हणाला, "अजून एक राहिलं." त्यानें घड्याळाला घालतात तसला दीड व्होल्टचा सेल घेतला आणि त्याचीं टोकें क्षणभर कर्ण्याच्या तारांना लावलीं. कर्ण्याचा पडदा आंत ओढला गेला. "उलटा आहे. पूर्वी कोणीतरी पेटी उघडून तारांची अदलाबदल केली असणार. दारांतले कर्णे हवा पुढें ढकलतात तेव्हां हा मागें ओढतो. दोघेहि जीव तोडून काम करतात, आणि ऐकूं कमी येतं." त्यानें तारा बदलून पुन्हां सेल लावला, पडदा बाहेर आला. मीं सहज भावाकडे पाहिलें. तो पडद्याकडे पाहत होता.

वडील वारले तेव्हां मी एम. ए. च्या पहिल्या वर्षांत होतों आणि तो बारावींत. घरांत बैठक भरली नाहीं, कोणी कोणाला कांहीं विचारलें नाहीं. एका सोमवारीं तो कॉलेजांत गेला नाहीं, वाडींत गेला. आणि नंतर रोज वाडींतच गेला. मी परीक्षा दिली, नोकरीस लागलों, वसईस घर केलें. माझ्या यशाच्या गोष्टी नातेवाईकांत सांगितल्या जातात, तेव्हां माझ्या बुद्धीचा उल्लेख होतो, मुंबईच्या गाडींतल्या रोजच्या खेपांचा होतो. चाफ्याचा होत नाहीं. पन्नास हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. आपल्या दोन कानांना तिच्या दोन टोकांतला भेद पकडतां येत नाहीं, म्हणून असा स्वर कोणत्या दिशेनें येतो तें आपल्याला उमगत नाहीं. तो सगळीकडूनच येत असल्यासारखा वाटतो. म्हणून तर कारखानदार तो खुशाल आसनाखालीं लपवितात. टाळ कोणाच्या हातांत आहेत हें सर्वांना दिसतें. खर्ज कोठून येतो याची चौकशी, तो थांबल्याखेरीज, कोणी करीत नाहीं. आणि मीं तर तो थांबल्यावरहि तीन महिने केली नव्हती.

शास्त्रज्ञ सांगतात कीं वयाबरोबर कानाला उंच स्वर आधीं सोडून जातात आणि खालचे बराच काळ सोबत करतात. मी पन्नाशी ओलांडली आहे. पुढील दिवसांत मला साथ कोणत्या स्वरांची आहे, हें आतांच ओळखून ठेवलेलें बरें.

विद्यार्थ्यानें पैसे घेण्याचें नाकारलें. मीं आग्रह केला तेव्हां म्हणाला, "सर, पास झालों का तेवढं सांगा." मीं त्याचा हात धरला, बोलायला मला कांहीं सुचलें नाहीं.

परततांना भावानें तेंच भजन लावलें. मृदंगाचा डावा हात पडला आणि आसन पाठीमागून किंचित् हाललें. कानापेक्षां तो पाठीला आधीं कळला. भावाचा डावा हात सुकाणूवर ताल धरूं लागला. बोळिंजपर्यंत आम्ही कांहीं बोललों नाहीं. मग मीं विचारलें, "माझ्यामुळें आणखी कांहीं बंद पडलें असेल, तर तेंहि आज सांगून टाक."

तो हंसला. बराच वेळ हंसत होता. मग आवाज थोडा कमी करून म्हणाला, "सांगेन दादा. पण आज हें भजन पुरें होऊं दे."